रेकॉर्ड प्लेअर, ख्यालाच्या तबकड्या आणि आमची ऐकणारी मंडळी : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बेल्टवर चालणारा, सुईचा भार कमी-जास्त करता येणारा आणि मिनिटाला ३३ व ४५ फेऱ्या अशा दोनच गतींचा एक रेकॉर्ड प्लेअर, त्यासोबत वेगळा घ्यावा लागलेला फोनो प्री-ॲम्प (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारे यंत्र) आणि घरात आधीपासून असलेले दोन स्पीकर, एवढ्या साहित्यावर वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्याच्या आमच्या गावात गेले काही महिने शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डी ऐकणे चालू आहे. ऐकणारी मंडळी मोजकीच आहेत. त्यांत एक निवृत्त गुरुजी आहेत, भजनी मंडळातले पखवाज वाजवणारे काकाजी आणि पेटी वाजवणारा एक तरुण शेतकरी आहे, माझ्या शेजारच्या वहिनी आहेत आणि कधीमधी तालुक्याहून येणारे एकदोघे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाचे संस्कार या भागात खोलवर असल्यामुळे सुरातालाचा कान बहुतेकांना आहे, मात्र ख्याल, म्हणजे रागाची सविस्तर मांडणी करणारे शास्त्रीय गायन, सलग बसून ऐकण्याची सवय फारशी कोणाला नव्हती.

आवाज उत्तम मिळेल या एकाच आशेने कोणी हे यंत्र घेणार असेल, तर त्याने थोडे थांबावे असे माझे मत आहे. एकच ध्वनिमुद्रण आम्ही फोनमधून वायरने त्याच स्पीकरवर आणि नंतर रेकॉर्डवरून वाजवून पाहिले, तेव्हा सुईची बारीक चरचर सोडली तर मंडळींपैकी बहुतेकांना फरक सांगता आला नाही. गुरुजींना रेकॉर्डचा आवाज अधिक भरीव वाटला, परंतु त्यांना ती रेकॉर्डच आहे हे आधीच माहीत होते, त्यामुळे त्या मताला मी फार वजन देत नाही. फरक पडला तो ऐकण्यात. फोनवर विलंबित, म्हणजे ख्यालाचा संथ लयीतला पहिला भाग, सुरू होऊन चार-पाच मिनिटे झाली की कोणाचे तरी बोट पुढच्या गाण्याकडे जात असे. इथे एक बाजू लावली की ती संपेपर्यंत कोणी उठत नाही, कारण मधेच सुई उचलून दुसरीकडे ठेवायची नाही असा नियमच आम्ही ठरवला आहे.

दुसरा नियम वहिनींचा. बाजू संपल्यावर लगेच बोलायचे नाही, आधी प्रत्येकाने वहीत दोन-चार ओळी लिहायच्या आणि मग चर्चा. सुरुवातीला हा मला शाळकरी प्रकार वाटला. पण गुरुजी प्रथम बोलले की बाकीचे मान डोलावतात, हे आमच्या बैठकीचे जुने दुखणे होते आणि वहीमुळे ते पुष्कळसे कमी झाले. आता जो रागाचे नाव सांगू शकत नाही तोही काय ऐकले ते लिहितो, आणि अनेकदा त्याच्याच ओळीवर सर्वांत जास्त वाद होतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारी या दोन रागांची एलपी, म्हणजे ३३ गतीची मोठी रेकॉर्ड. १९६० साली निघालेली ही रेकॉर्ड संग्राहकांमध्ये एवढी नावाजलेली आहे की तिच्याविषयी नवे काही सांगणे अवघड आहे, तरीही ती आमच्या मंडळींना कशी लागली हे नोंदवण्यासारखे वाटते. मारव्यात पंचम (प) वर्ज्य, म्हणजे घ्यायचाच नाही, ऋषभ (रे) कोमल आणि मध्यम (म) तीव्र असतो. षड्जावर (सा) गायक फार थांबत नाही, त्यामुळे सगळा भार कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत (ध) या दोन स्वरांवर येतो. पेटीवाल्या तरुणाने वहीत लिहिले की त्याला बराच वेळ ऋषभच षड्ज वाटत होता आणि खरा षड्ज आला तेव्हा आपण कुठे होतो ते कळले. रागाच्या पुस्तकात वादी-संवादी, म्हणजे रागातले मुख्य दोन स्वर, यांच्या रकान्यात जे सापडते, त्यापेक्षा ही नोंद मला मारव्याच्या अधिक जवळ जाणारी वाटली. हेच स्वर पुरियात गंधार-निषादाकडे झुकतात आणि सोहनीत वरच्या सप्तकाकडे धावतात, हे त्यानंतर एका बैठकीत तिन्ही राग लागोपाठ ऐकून आम्ही पडताळून पाहिले.

काकाजींची अडचण वेगळी होती. भजनाचा आठ मात्रांचा ठेका हातात बसलेल्या माणसाला अतिविलंबित झुमरा तालाच्या चौदा मात्रा धरता येईनात. तबलजी साधा ठेका धरून असतो, कुठे लग्गी किंवा तिहाई अशी सजावट नाही, आणि खाँसाहेब त्या ठेक्यावर आपल्या संथ चालीने स्वर मांडत राहतात. "सम येतच नाई लवकर, मानूस वाट पाऊन थकते," असे ते पहिल्या दिवशी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हिच्याविषयी म्हणाले. पुढे मांडीवर बोटाने मात्रा मोजत त्यांनी ती बाजू पुन्हापुन्हा ऐकली आणि आता ते सम येण्याआधीच मान हलवतात. द्रुतात, म्हणजे पुढच्या जलद भागात, ‘गुरु बिन ज्ञान न पावे’ हे शब्द आले की मात्र सगळेच सावरून बसतात, कारण गुरुमहिमा हा भजनी मंडळाच्या रोजच्या परिचयाचा विषय आहे. हा द्रुत बाजूच्या शेवटाकडे असल्यामुळे तो ऐकायचा तर आधी पूर्ण विलंबित ऐकावा लागतो, आणि माझ्या मते या रेकॉर्डने आमच्यावर केलेला हा मोठा उपकार आहे.

मारव्यावर बोलणे निघाले की आमच्याकडे वसंतराव देशपांडे यांचे नाव येणारच. १९२० साली मूर्तिजापूरला जन्मलेले, नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले वसंतराव पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडून मारवा शिकले, ही हकीकत विदर्भातले संगीतप्रेमी अभिमानाने सांगतात. त्यांच्या मारव्याचे एक मैफलीतले ध्वनिमुद्रण आम्ही फोनवरून त्याच स्पीकरवर लावले. अमीर खाँ जिथे एका स्वराभोवती फिरत त्याची जागा हळूहळू निश्चित करतात, तिथे वसंतराव अनपेक्षित ठिकाणाहून तान उचलून ऐकणाऱ्याला दचकवतात. पेटीवाला आणि काकाजी वसंतरावांच्या बाजूचे झाले, गुरुजी खाँसाहेबांच्या. वहिनींनी लिहिले होते, ‘पहिला मारवा एकट्याने ऐकायचा, दुसरा चार माणसांत.’ मला स्वतःला वसंतरावांच्या ताना थोर वाटतात, परंतु मारव्याची बेचैनी अमीर खाँ यांच्या संथपणात अधिक काळ टिकते असे वाटते. अर्थात ‘आपल्या वऱ्हाडातला माणूस’ हा भाव मतमोजणीत किती शिरला हे ठरवणे कठीण आहे. शिवाय ही तुलना काटेकोर नाही. स्टुडिओत वीस-बावीस मिनिटांच्या मर्यादेत बसवलेले गाणे आणि समोर श्रोते असताना गायलेले गाणे यांना एकच माप लावता येत नाही.

या मर्यादेचाच विचार आम्हाला जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांकडे घेऊन गेला. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा एका तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत असत. त्या चौकटीत राग मांडण्याची कला पुढच्या पिढ्यांनी अशी आत्मसात केली की उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ऐकताना काही अपुरे आहे असे जाणवत नाही. ही ठुमरी आमच्याकडे एलपीवर पुनर्मुद्रित रूपात आहे. तिची चरचर खूप आहे, तरी वहीत सर्वांत लांब नोंदी तिच्याविषयीच आहेत. केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्णतबकडीत अंतराळात गेली, हे सांगितल्यावर मंडळींनी ती दोनदा लावायला सांगितली, आणि दुसऱ्या वेळी यानाचे कौतुक विसरून फक्त आवाजावर बोलणे झाले. किशोरी आमोणकर यांचा भूप सर्वांना लगेच आवडला. पाच स्वरांचा हा राग भजनातून कानावर असतोच, म्हणून त्यावर फारसा वाद झाला नाही.

आता यंत्राच्या तक्रारी. सोबत आलेला रबरी बेल्ट उन्हाळ्यात सैल पडला. विदर्भातला मे महिना आणि वर टिनाचे छप्पर असलेली खोली यांचा विचार बनवणाऱ्याने केला नसावा. दोष लक्षात आला तो दरबारीमुळे. दरबारीत कोमल गंधार (ग) आणि कोमल धैवत यांवर संथ आंदोलन, म्हणजे स्वराचा हेलकावा, असते, ते गायकाच्या गळ्यातले असते. परंतु एका संध्याकाळी मागचा तानपुराही हेलकावे घेत असल्याचे पेटीवाल्याने दाखवून दिले. तानपुरा हलत असेल तर दोष यंत्राचा, ही कसोटी आम्ही तेव्हापासून पक्की केली आहे. गती मंदावल्याचाही संशय होता म्हणून फोनवरच्या त्याच गाण्याचा षड्ज आणि रेकॉर्डचा षड्ज पेटीवर ताडून पाहिला, तर रेकॉर्डचा स्वर खाली उतरलेला आढळला. गती सुमारे सहा टक्क्यांनी घटली की स्वर अर्ध्या सुराने उतरतो, म्हणजे ३३ फेऱ्यांत दोन फेऱ्या कमी झाल्या की पेटीवरची काळी चार ही पट्टी पांढरी पाचकडे सरकू लागते. विक्रेत्याने बेल्ट बदलून देण्यास टाळाटाळ केली. शेवटी नवा बेल्ट ऑनलाइन मागवला आणि अमरावतीच्या एका कारागिराकडून गती नीट लावून घेतली. तेव्हापासून तक्रार नाही.

उन्हाचा धोका रेकॉर्डींनाही तेवढाच आहे. त्या आडव्या रचून ठेवल्या किंवा दुपारी बंद गाडीत राहिल्या, तर वाकतात. आमच्याकडे त्या जुन्या सागवानी कपाटात उभ्या ठेवतो, तेही पश्चिमेची भिंत सोडून. कापूस वेचणीच्या दिवसांत धूळ आणि तंतू सगळीकडे असतात, म्हणून प्रत्येक बाजूआधी मऊ ब्रश फिरवावा लागतो. धुण्यासाठी बोअरचे पाणी वापरू नये, कारण त्यातले क्षार खाचांत बसतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर स्वस्त असते आणि काम उत्तम करते. सुईचा भार आम्ही दोन ग्रॅमच्या आसपास ठेवतो. स्वस्त पेटीवजा प्लेअरमध्ये तो बराच जास्त असतो, त्यामुळे जुन्या रेकॉर्डी त्यावर वाजवण्याचा सल्ला मी देणार नाही.

विजेचे सांगायचे तर संध्याकाळी लाइट जाणे हे इथे गृहीतच धरावे लागते. बाजू चालू असताना लाइट गेली की गायकाचा आवाज घसरत घसरत थेट खर्जाच्याही खाली जातो, यावर मुले मनसोक्त हसतात. यंत्राला वीज फार कमी लागते, म्हणून साध्या इन्व्हर्टरवर प्लेअर आणि स्पीकर दोन्ही व्यवस्थित चालतात. हा खर्च मात्र अंदाजपत्रकात धरून ठेवावा.

रेकॉर्डी मिळवणे हा सर्वांत महागडा भाग आहे. नव्याने छापलेल्या शास्त्रीय एलपी थोड्या आहेत, जुन्यांचे भाव नावाप्रमाणे चढतात आणि छायाचित्र पाहून घेतलेली रेकॉर्ड प्रत्यक्षात ओरखडलेली निघू शकते. विकणाऱ्याकडे तिरप्या उजेडात काढलेले दोन्ही बाजूंचे छायाचित्र मागावे, आणि शक्य असल्यास पहिल्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण मागावे, कारण विलंबिताच्या सुरुवातीच्या शांत भागातच चरचर सर्वांत जास्त जाणवते.

एकट्याने ऐकणाऱ्याला, विशेषतः ज्याला तासाभराचा ख्याल सलग हवा आहे त्याला, मी फोन आणि चांगले स्पीकर एवढेच घ्यायला सांगेन, कारण वीस मिनिटांनी उठून बाजू पालटणे लांब मैफलीला मारक ठरते. चार माणसे नियमित जमत असतील तर मात्र हे यंत्र घ्यावे. आमच्या काकाजींच्या घरी ७८ गतीच्या तबकड्यांचा एक गठ्ठा निघाला आहे. त्यांना वेगळी, जाड टोकाची सुई आणि तिसरी गती लागते, आणि आमच्या प्लेअरमध्ये दोन्ही नाहीत. ज्यांच्या घरी असा जुना ठेवा आहे, त्यांनी खरेदीआधी तीन गतींचे यंत्र पाहावे.