हिमालयन ४११ आणि ४५०: दोन्ही वापरून झाल्यावर

रॉयल एनफिल्डच्या या दोन मोटरसायकली. नाव एकच असलं तरी ४११ वरून थेट ४५० वर बसलं की पहिले काही दिवस हाताची सवय नडते. ४११ चं इंजिन लांब स्ट्रोकचं आहे, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८६. ३२ न्यूटन-मीटर टॉर्क (ओढायची ताकद) साडेचार हजार आरपीएमच्या आतच हाताशी येतो. खडीच्या चढावर दुसरा गिअर टाकून क्लचला हात न लावता गाडी रांगत वर जाते. ४५० मध्ये बोअर ८४ आणि स्ट्रोक ८१.५, म्हणजे प्रकार उलटा. ४० न्यूटन-मीटर मिळतात, पण ५,५०० ला, आणि ४० पीएस ८,००० ला. तीन हजारांच्या खाली हे इंजिन कुरकुरतं, चेन झटके देते. त्याच चढावर पहिला गिअर आणि अर्धा क्लच लागतो. स्लिप-अँड-असिस्ट क्लचमुळे लिव्हर हलका आहे, म्हणून बोटं दुखत नाहीत, एवढंच.

मोठ्या रस्त्यावर मात्र तुलनाच नको. ४११ नव्वदपर्यंत खुशीत चालते, शंभरपुढे नुसता आवाज वाढतो. मागे माणूस आणि सामान असेल तर ट्रक ओलांडायच्या आधी हिशोब करावा लागतो. ४५० ला सहावा गिअर आहे आणि एक गिअर खाली टाकला की ओव्हरटेक आटोपतो. वजनात फरक जवळपास नाही (१९९ किलो आणि १९६), टाकी १५ लिटरची १७ झाली. रेंज वाढेल असं कागदावर वाटतं, पण वेगात पळवली की ॲव्हरेज पडतं आणि ते दोन लिटर तिथेच जातात.

सस्पेन्शनमध्ये खरी प्रगती आहे. पुढचा ट्रॅव्हल (सस्पेन्शनची वर-खाली हालचाल) दोन्हीकडे २०० मिमी, पण ४५० चा ४३ मिमीचा उलटा फोर्क ब्रेक दाबल्यावर तेवढा खाली बसत नाही, आणि पुढची डिस्क ३०० ऐवजी ३२० मिमीची आहे. ४११ चा पुढचा ब्रेक लाकडासारखा लागतो, चार बोटांनी दाबायची तयारी ठेवा. सीट ४११ ची ८००, ४५० ची ८२५ मिमी. उंची बेताची असेल तर उतारावरच्या वाळूत हे २५ मिमी फार जाणवतात. ४५० वर खडी-मातीत इको मोड आणि मागचं एबीएस बंद, हीच जोडी ठेवावी. परफॉर्मन्स मोडमध्ये थ्रॉटल जरा जास्तच उतावीळ होतो.

देखभालीत ४११ अजूनही पुढे. टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप ठरवणारे भाग) स्क्रू आणि लॉकनटचे आहेत. इंजिन गार असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (सगळ्यात वरच्या टोकाला) आणून फीलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पात्याने) स्वतः सेट करता येतात. ४५० ला दोन कॅमशाफ्ट आणि शिम (ठरावीक जाडीच्या चकत्या) आहेत. गॅप चुकला तर कॅम काढून शिम बदलावी लागते, ते घरचं काम नाही. शिवाय रेडिएटर आला. चिखलानंतर त्याच्या फिन साफ करायच्या, पण प्रेशर वॉशरने नाही. फिन दुमडल्या की हवा अडते आणि पंखा सारखा चालू राहतो. साध्या पाइपने मागून पुढे पाणी सोडा.

आता पंक्चर. ट्यूबवाल्या स्पोक व्हीलला सगळं चाक उतरवणं आलंच. ४११ ला मेन स्टँड आहे, तिथे दहा मिनिटं वाचतात. ४५० ला तो वेगळा घ्यावा लागतो, आणि माझ्या मते क्रॅश गार्डच्याही आधी घ्यावा. सोबत ट्यूब एकच ठेवायची तर पुढची २१ इंची ठेवा. अडचणीत ती मागच्या १७ च्या टायरमध्ये घड्या घालून बसते आणि हळू चालवत पुढच्या गावापर्यंत नेते. उलटं जमत नाही.

स्टीअरिंगचं बेअरिंग दोन्हींवर तपासत राहा, ४११ वर जरा लवकर. पुढचं चाक अधांतरी करून फोर्कचा खालचा भाग पुढे-मागे हलवा. टकटक जाणवली तर बेअरिंग ढिलं आहे. हँडल सावकाश फिरवताना बरोबर मध्यावर अडकल्यासारखं झालं तर बेअरिंगच्या रेसमध्ये (कड्यांमध्ये) खळगे पडलेत. नट आवळून ते जात नाहीत, पूर्ण सेट बदलावा लागतो.

एकट्याने, कच्च्या वाटांनी, दिवसाला दोनशे किलोमीटर जाणाऱ्याने चांगली ठेवलेली ४११ विकू नये. दोघं, सामान आणि लांबचे टप्पे असतील तर ४५० घ्या, आणि फीलर गेज कुणाला तरी देऊन टाका.