बाळाची गोधडी: हातानं की मशीनवर?

मैत्रिणीच्या बाळाला बारशात छोटी गोधडी द्यायची, तर टाके हातानं घालावेत की मशीनवर मारावी? मी दोन्ही करून बसलेय.

मशीनवर एका रविवारच्या दुपारी, पोरं झोपलेली असताना, मीटरभराची गोधडी उरकते. पण जुन्या साडीचे ३-४ थर दाबाखाली सरकतात, मध्येच चुण्या पडतात. म्हणून थर आधी कच्च्या टाक्यांनी टाचायचे, सुई १६ नंबरची लावायची. एवढं करून खडखडाटानं धाकटा उठला की संपलंच.

हातानं धावदोरा घालायला मला दीड महिना लागला. रोज अर्धा तास, थोरलीचा अभ्यास घेता घेता. पण पिशवीत घालून कुठंही नेता येते, हाक आली की सुई कापडात टोचून उठायचं. (घरात रांगतं मूल असेल तर सुया मोजून ठेवा.) शिवाय आजीच्या मऊसूत नऊवारीला हाताचाच टाका शोभतो. दोन-चार धुण्यांनंतर टाक्यांमधलं कापड हलकंसं फुगतं, ते मशीनच्या घट्ट शिवणीत नाही जमत.

लाळेरी, टोपडी मात्र मी सरळ मशीनवरच शिवते.