बेगमी की महिन्याचा किराणा?

महागाई 6 टक्के धरली, तर आज 10,000 रुपयांत येणारा बाजार वर्षाने 10,600 ला पडतो. पगार तेवढाच राहिला की पिशवी हलकी होते. म्हणून आई उन्हाळ्यात, आवक भरपूर असताना, कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातून गहू, ज्वारी नि संकेश्वरी मिरची एकदम भरते. मिरचीची देठं खुडताना हातांची आग होते, पण कांदा-लसूण चटणीला वर्षभर दरवाढीची झळ लागत नाही.

महिन्याच्या किराण्यात पैसा हातात राहतो, किडीची धास्ती नाही. दर मात्र दुकानदार सांगेल तो. तेल मी तसंच घेते. धान्य-मिरचीला बेगमीच. फक्त उसनवारी करून नको, व्याज महागाईपेक्षा जड जातं.