मागचे शॉकअप: कडक घ्यावेत की कंपनीसारखेच?

माझी ऑडी टीटी, म्हणजे ऑडीची छोटी दोन दारांची स्पोर्ट्स कार, २०१० सालची, दुसऱ्या हाताने घेतलेली. तिचे मागचे शॉकअप मी अकरा महिन्यांत दोनदा बदलले, त्यामुळे ओळखीतल्या कुणाची गाडी मागून उडायला लागली की फोन मला येतो. प्रश्न ठरलेला: "बदलायचेच आहेत, तर जरा चांगले टाकू का?" चांगले म्हणजे कडक, हे त्याने मनात धरलेलंच असतं. मीही तसंच धरलं होतं.

आधी ते खरंच गेलेत का ते बघा. डिकीवर भार देऊन गाडी किती वेळा हलते ते मोजायची पद्धत असल्या आखूड, घट्ट गाडीत फारशी कामाची नाही. माझी गाडी त्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास झाली होती. मला कळलं ते पुलावर. वळण असलेल्या उड्डाणपुलाचा सांधा ओलांडला की मागचा भाग वीतभर बाजूला सरकल्यासारखा वाटे आणि पोटात गोळा येई. दुसरी खूण टायरवर. मागच्या टायरच्या आतल्या बाजूवरून तळवा फिरवा. उंचसखल खाचा लागल्या तर शॉकअप चाकाला रस्त्यावर धरून ठेवत नाहीये असं समजायला हरकत नाही. या खाचांचा घूं-घूं आवाज थेट गेलेल्या बेअरिंगसारखा येतो. त्या आवाजापायी मी आधी एक चांगलं बेअरिंग बदलून बसलो, तेवढं तुम्ही टाळा. शॉकअपवर तेलाचा पातळ ओशट थर दिसला म्हणून लगेच घाबरू नका. तेल ओघळून खाली आलं असेल तर मात्र विषय संपला. आणि एकच बाजू गळत असली तरी बदलायची जोडीच.

तुमच्या गाडीत मॅग्नेटिक राइड असेल तर हा लेख अर्धाच तुमच्यासाठी आहे. त्या शॉकअपच्या तेलात लोखंडाचे बारीक कण असतात आणि विजेच्या प्रवाहाने ते तेल घट्ट-पातळ होतं. २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये हे तंत्र पहिल्यांदा आलं आणि या पिढीच्या टीटीला ते पर्याय म्हणून मिळत होतं. ते काढून साधे शॉकअप घातले तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि कोडिंग करून त्या यंत्रणेची समजूत काढावी लागते. माझ्या गाडीत ते नव्हतं. किमती ऐकल्यावर नव्हतं याचा आनंदच झाला.

तर पर्याय मुळात दोन. एक, कंपनीतून येतात तसे ट्विन-ट्यूब: नळीत नळी, थोड्या दाबाचा गॅस, मवाळ स्वभाव. दुसरा, जास्त दाबाचा मोनोट्यूब: एकच नळी, तेल आणि गॅस यांच्यामध्ये तरंगता पिस्टन. तेलात फेस होत नाही, उष्णता थेट बाहेर जाते. बिलस्टीन या शॉकअप बनवणाऱ्या कंपनीच्या भाषेत बोलायचं तर बी-४ म्हणजे मूळसारखा, बी-६ म्हणजे त्याच उंचीला कडक, आणि बी-८ हा खाली बसवलेल्या गाड्यांसाठीचा आखूड. बी-८ चा विचार मुंबईत निदान मी तरी करणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर पाठीचा असावा, २५ च्या वेगाने आरामात ओलांडता येईल असा. आमच्या भागातला एक तरी गतिरोधक त्या मापाचा निघाला तर त्याला हार घालेन.

पहिल्या खेपेला मी कडक मोनोट्यूब घेतले. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण मालात खोट काहीच नव्हती. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात बसवले. पहिले दोन महिने मी गावभर कौतुक करत फिरत होतो. पुलाच्या सांध्यावरचं ते सरकणं पार गेलं. बोरघाटात वळणामागून वळण घेताना गाडी एकदाच झुकायची आणि तिथेच थांबायची. हेलकावा नाही की दुसरा विचार नाही. लोणावळ्याहून परतताना मी पत्नीला तीनदा विचारलं, "कळतोय ना फरक?" तिसऱ्यांदा ती हो म्हणाली, बहुधा मी गप्प बसावं म्हणून.

अडचण निघाली ती आमच्या गल्लीत.

पार्ल्यात आमच्या इमारतीच्या फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत जेमतेम तीनशे पावलांची पेव्हर ब्लॉकची गल्ली आहे. एका पावसात खचते, पुढच्या पावसाआधी तिची डागडुजी होते, आणि डागडुजीनंतर ब्लॉक आधीपेक्षा वरखाली बसतात. खड्डा असता तर परवडलं असतं. मोठ्या खड्ड्यात कडक शॉकअप उलट छान वागतात: एक दणका, आणि गाडी पुन्हा जागेवर. पण ब्लॉकच्या कडा बोटभर उंचीच्या, एकामागून एक, आणि गाडीचा वेग पंधरा-वीस. एवढ्याशा धक्क्याला मोनोट्यूबमधला पिस्टन सहज हलतच नाही. गॅसचा दाब जास्त, सीलची पकड घट्ट. तो हलायला लागेपर्यंत धक्का बॉडीत पोचलेला असतो. वर टीटीची डिकी आणि माणसं एकाच पोकळीत. डिकीवरचं झाकण टर्रर्र करायचं, आणि तो आवाज बरोबर कानामागे. मी झाकणाखाली फोमच्या पट्ट्या लावल्या. टर्र गेली, तर सीटबेल्टचं बक्कल बोलायला लागलं. त्याला कापड गुंडाळलं. मग काय वाजतंय ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

तीनशे पावलांचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण रोज सकाळी निघताना पहिली तीनशे आणि रात्री दमून येताना शेवटची तीनशे तीच. आणि तो प्रकार गल्लीपुरता राहिला नाही. एकदा कान तयार झाले की हायवेच्या सर्व्हिस रोडवर, मेट्रोच्या कामाशेजारच्या पत्र्यांलगत, सिग्नलला रांगेत सरकताना, सगळीकडे तेच ऐकू यायला लागलं. शहरात माझी गाडी बहुतेक वेळ ज्या वेगात असते, नेमका तोच वेग या शॉकअपना मानवत नव्हता.

खरा निकाल गणपतीच्या आदल्या दिवशी लागला. लालबागहून मूर्ती आणायची होती, शाडूची, दीड फुटाची. दरवर्षी भावाची मोठी गाडी असते. त्या वर्षी ती गॅरेजमध्ये होती. आई पुढच्या सीटवर मूर्ती मांडीवर घेऊन बसली. लालबागपासून पार्ल्यापर्यंत ती अवाक्षर बोलली नाही, फक्त दोन्ही हातांनी पाट धरून बसली होती. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, "अरे, इथे थांबव. मी चालत नेते." पाऊस भुरभुरत होता. सत्तरीची बाई मूर्तीवर प्लॅस्टिक धरून पुढे चालत होती आणि मागून मी, घाट जिंकलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये घेऊन येत होतो. मूर्तीला काही झालं नाही. विसर्जनानंतरच्या आठवड्यात मी साधी जोडी मागवली.

आता थोडं माझ्याविरुद्ध. पैसे वाचवायला मी पुढचे स्ट्रट, म्हणजे पुढच्या चाकांचे शॉकअप, जुनेच ठेवले होते, म्हणजे पुढून मऊ आणि मागून कडक अशी खिचडी. चारही एका जातीचे घातले असते तर तक्रार कदाचित निम्मी झाली असती. टायरही सतरा इंची. अठराची जोडी असलेल्यांना हा त्रास जास्त जाणवेल आणि सोळाच्या जाड टायरवाल्यांना कमी, असं आपलं माझं मत. मोजमाप मी कसलंच केलेलं नाही. कान आणि पाठ, एवढीच माझी उपकरणं.

साधे बसवल्यावर काय गेलं, काय आलं? बोरघाटातली ती एकदाच झुकून थांबण्याची गंमत गेली. वळणानंतर आता एक छोटासा हेलकावा जास्त येतो; पहिल्या महिन्यात तो खुपला, नंतर अंगवळणी पडला. सांध्यावरचं सरकणं मात्र परत आलं नाही. ते कडकपणाने नव्हे, नुसत्या नवेपणाने गेलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं. इथेच बहुतेक जण फसतात असं मला वाटतं. मेलेल्या शॉकअपवरून थेट कडकवर उडी मारली की सगळं श्रेय कडकला जातं. मधली पायरी कुणी चाखतच नाही.

आणि कडक घेऊन त्यांचा उपयोग कुठे करायचा? सी लिंकवर मर्यादा ८०, कोस्टल रोडवर तेवढीच, अटल सेतूवर १००. त्या वेगात, त्या रस्त्यांवर, धड अवस्थेतले साधे शॉकअप कुठेही कमी पडत नाहीत. ट्रॅकवर जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. सलग तापवल्यावर साध्यांचं तेल फेसाळतं, त्याने मोनोट्यूबच घ्यावेत. दर शनिवारी-रविवारी पहाटे घाट गाठणाऱ्यालाही मी अडवणार नाही. फक्त घरापासून घाटापर्यंतचा रस्ता कसा आहे, ते आधी बघा म्हणेन.

एक छोटा मुद्दा साध्यांच्या बाजूने: खालून उडालेल्या दगडाने ट्विन-ट्यूबची बाहेरची नळी चेपली तरी बहुतेकदा चालून जातं, कारण पिस्टन आतल्या नळीत असतो. मोनोट्यूबची नळी चेपली की पिस्टन तिथेच अडतो. किंमतही आहेच, माझ्या वेळी कडक जोडी साध्या जोडीच्या जवळजवळ दुप्पट पडली.

कोनी कंपनीच्यासारखे, कडकपणा कमी-जास्त करता येणारे घ्यावेत का, हेही विचारलं जातं. कागदावर उत्तम: पावसाळ्यात मऊ, हिवाळ्यात कडक. पण त्यांच्या पिवळ्या स्पोर्टमध्ये बदलतो तो फक्त दाबला गेलेला शॉकअप परत उघडतानाचा विरोध. शिवाय या गाडीत मागच्या शॉकअपचं वरचं टोक चाकाच्या कमानीत लपलेलं, तिथे बाहेरून हात पोचत नाही. म्हणजे दर ऋतूला चाक काढा, अस्तर काढा, शॉकअप उतरवा. आमच्या सोसायटीत 'पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करू नये' अशी पाटी आहे आणि ती पाटी माझ्याचमुळे लागली असं सेक्रेटरी खाजगीत सांगतात. मी नाद सोडला.

बसवणं फार अवघड नाही. मागे स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा, त्यामुळे स्प्रिंग दाबायची भानगड नाही. स्कोडा लॉरा किंवा त्या पिढीची फोक्सवॅगन जेट्टा उघडलेला कुठलाही मिस्त्री हे डोळे झाकून करेल. तो कुठे डोळे झाकतो तेवढं बघा. साधे ट्विन-ट्यूब पेटीत आडवे पडून आलेले असतात. बसवण्याआधी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्यायचे, नाहीतर आत अडकलेली हवा सुरुवातीला खुळखुळते आणि तुम्हाला माल खराब वाटतो. खालचा बोल्ट शेवटचा कसायचा तो चाकावर वजन आल्यासारखी उंची देऊन. चाक लोंबकळत असताना कसला तर रबराचा बुश कायमचा पिळलेला राहतो. बोल्ट नवेच घ्या. आणि वरचं माउंटिंग, बंपस्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला की दणका झेलणारा रबरी तुकडा), धूळ-टोपी हे सगळं त्याच ऑर्डरमध्ये मागवा. पहिल्या वेळी मी जुनी माउंटिंग परत वापरली आणि पंधरा दिवसांत 'टक्' ऐकून तीच मजुरी पुन्हा भरली. ऑर्डर देण्याआधी डिकीच्या तळाचा स्टिकर आणि चेसिस नंबर दुकानदाराला पाठवा; याच गाडीत सस्पेन्शनचे प्रकार वेगवेगळे आहेत. ऑपेरा हाउसच्या दुकानदारांकडून भाव काढून मगच परदेशातून मागवायचं का ते ठरवा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर वापरलेली जोडी स्वस्तात मिळेलही, पण वापरलेला शॉकअप म्हणजे दुसऱ्याची जुनी चप्पल.

माझी कडक जोडी खारघरच्या एका मित्राने घेतली. त्याचीही टीटीच, आणि सोसायटीच्या दारापासून एक्स्प्रेसवेपर्यंत गुळगुळीत डांबर. तो बेहद्द खूश आहे. दिवाळीनंतर एका रविवारी मी त्याच्याकडे जाऊन गाडीची चावी मागितली, लोणावळ्यापर्यंत चालवली, आणि परत येताना पार्ल्याला न आणता खारघरलाच सोडली.