तरंगते मत्स्यखाद्य: बडोद्याजवळच्या तळ्यातील एका हंगामाचा अनुभव

सावली तालुक्यात ग्रामपंचायतीकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या तळ्यात आम्ही कटला, रोहू आणि मृगळ वाढवतो. गेल्या श्रावणात बोटुकली (बोटाएवढी मत्स्यपिल्ले) सोडल्यापासून होळीपर्यंत मुख्यत्वे २८ टक्के प्रथिनांचे तरंगते गोळी-खाद्य वापरले. त्याआधी अनेक वर्षे भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड समभाग भिजवून घालत होतो.

या खाद्याचा मोठा गुण म्हणजे ते डोळ्यांसमोर राहते. कोंडा-पेंडीचा लगदा पाण्यात गेला की त्यातला किती माशांनी खाल्ला आणि किती गाळात कुजला, हे कळायला मार्ग नसतो. आणि हे कुजणे पहाटे, पाण्यातील विरघळलेला प्राणवायू सर्वांत कमी असताना, माशांच्या जिवावर येते. गोळ्या मात्र वीस मिनिटांनी किती उरल्या ते काठावरून दिसते आणि त्यावरून दुसऱ्या दिवशीचे माप ठरवता येते. लहान माशांना रोज त्यांच्या वजनाच्या ४ ते ५ टक्के, मोठ्यांना २ टक्क्यांच्या आसपास, असे प्रमाण सांगितले जाते. परंतु फेकजाळ्यात आलेल्या मूठभर माशांवरून साऱ्या तळ्याचे वजन काढणे हा शेवटी अंदाजच असतो, म्हणून मी उरलेल्या गोळ्यांवर अधिक भरवसा ठेवतो. सकाळी ऊन वर आल्यावरच खाद्य टाकतो, आभाळ भरून आले की त्या दिवशी बंद ठेवतो, आणि पौषातल्या थंडीत पाणी २० अंशांखाली गेले की माप निम्म्याहून कमी करतो.

उणिवाही आहेत. वाऱ्याने गोळ्या एका काठाला जमतात, त्यामुळे बांबूची चौकट पाण्यावर तरंगती ठेवावी लागली. गोळ्यांवर रोहू तुटून पडतो, तळाशी चरणारा मृगळ मात्र मागे राहतो. त्याच्यासाठी आंध्रातल्या पद्धतीप्रमाणे छिद्रे पाडलेल्या पिशव्यांत कोंडा-पेंड भरून त्या बांबूला बांधून पाण्यात सोडतो, आणि ही जोड मी यापुढेही मोडणार नाही. कटल्याचे मुख्य अन्न प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी; ते शेणखताने वाढतात, म्हणून तळ्यात शेणखत घालणेही बंद केलेले नाही. (स्वस्त मिळते म्हणून काही जण एरंडीची पेंड खाद्यात मिसळण्याचा विचार करतात, तिच्यात रिसिन हे विष असते, तेव्हा तिची जागा शेतात.)

खर्चाचे म्हणाल तर किलोभर मासळीला गोळी-खाद्य साधारण दीड किलो लागले, तर पूर्वी मिश्रण अडीच ते तीन किलो लागत असे. गोळ्यांचा भाव मिश्रणाच्या जवळपास पावणेदोन पट असल्याने बचत जेमतेमच झाली. पाणी स्वच्छ राहिले आणि भिजवण्या-कालवण्याची मजुरी वाचली, हाच खरा लाभ. छोट्या मत्स्यशेतकऱ्याची अडचण वेगळीच आहे: तेलघाणीवाला पेंडीच्या उधारीसाठी मासळी विकली जाईपर्यंत थांबतो, खाद्याचा विक्रेता रोख मागतो. ज्याच्याकडे श्रावणात रोकड नाही, त्याने पहिले दोन महिने, बोटुकली लहान असताना आणि खाद्य कमी लागत असताना, गोळ्या घ्याव्यात आणि पुढे पिशव्यांवर यावे, असे मी सुचवेन.

पोती घेताना उत्पादनाची तारीख पाहावी आणि ती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत. भाद्रपदातल्या दमटपणात बुरशी धरलेले खाद्य उन्हात वाळवून वापरू नये, कारण वाळवल्याने अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष जात नाही.