लाइटवाला बोर्ड, इलायचीचा बोर्ड की साधी पाटी?

परभणीत बसस्टँडजवळ भाच्याची पानटपरी आहे. परवा त्याचा फोन आला, "मामा, सिगारेटवाला सेल्समन म्हणतोय, समोरून लाइटवाला बोर्ड फुकट लावून देतो, वरून महिन्याला पैसे. घेऊ का?" म्हटलं, आधी टेप लावून मोज. आठ फूट भरला.

तंबाखूच्या जाहिरातीवर 2003 च्या कायद्यानं बंदी आहे. सूट फक्त पाकिटावर आणि विक्रीच्या दुकानात किंवा दारात. दारातला बोर्ड जास्तीत जास्त 60 बाय 45 सेंटिमीटरचा, म्हणजे पेपरच्या एका पानाहून थोडा मोठा. आत दिवा नको, ब्रँडचं नाव नको, पाकिटाचं चित्र नको. वरच्या बाजूला पांढऱ्यावर काळ्या अक्षरात इशारा. यातल्या बऱ्याच अटींना मुंबई उच्च न्यायालयाची स्थगिती होती. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उठवली. तेव्हा सेल्समनचा बोर्ड एकाच वेळी तीन-चार नियम मोडतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये कंपनीला चहापाण्याचे, पण टपरीवर नाव भाच्याचं.

दुसरा पर्याय सेल्समननंच काढला: "मग इलायचीचा लावा." नाव तेच, रंग तोच, फक्त डबीत वेलदोडा. हा मला जास्त लबाड वाटतो. तंबाखूच्या ब्रँडचं नाव दुसऱ्या मालाला लावून केलेली जाहिरात नियमांत अप्रत्यक्ष जाहिरातच धरली आहे. इथं वाद घालायला जागा दिसते, म्हणून माणूस फसतो.

भाचा चिडला. "दुकान माझं, पाटी माझी. बोलायचं स्वातंत्र्य फक्त पुढाऱ्यांना का?" प्रश्न पोरकट नाही. 1959 मध्ये हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निव्वळ धंद्याच्या जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचं कवच नाकारलं होतं, 1995 मध्ये टाटा प्रेसच्या खटल्यात ते दिलं. पण फसव्या जाहिरातीला नाही, आणि वाजवी निर्बंध राहिलेच. अमेरिकेत तराजू दुसऱ्या बाजूला झुकतो. मॅसॅच्युसेट्स राज्यानं शाळा-मैदानांपासून हजार फुटांत तंबाखूचे बाहेरचे फलक बंद केले होते. 2001 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ही बंदी रद्द केली: सिगारेटपुरती केंद्राच्या कायद्याशी टक्कर होते म्हणून, आणि सिगार व बिनधुराच्या तंबाखूपुरती, कारण सज्ञान गिऱ्हाइकाला माहिती द्यायचा विक्रेत्याचा हक्क त्यात फार दबत होता. तो युक्तिवाद परभणीच्या टपरीवर आणून उपयोग नाही.

आणि खरं सांगू? भाच्याचं गिऱ्हाईक बोर्ड वाचून येतच नाही. गाडी बंद न करता "एक सुट्टी दे" म्हणतं. बोर्ड वाचतं ते शिकवणीला जाणारं पोरगं. कंपनी भाडं मोजते ते त्याच्या नजरेचं.

म्हणून माझा कौल साध्या पाटीला: "सिगारेट, विडी, तंबाखू मिळेल", वर इशारा, बस्स. महिन्याचे पैसे जातील, तेवढं खरं. ते पान-सुपारीवर काढता येतील की नाही, याचा हिशेब भाच्यानं करायचा.

पाटी पेंटरकडे गेली. त्यानं इशाऱ्यातल्या "कर्करोग" शब्दाचा "कर्क" एका ओळीत आणि "रोग" दुसऱ्या ओळीत टाकला. परत पुसायला लावलं. सेल्समन सोमवारी येणार आहे, इलायचीचा बोर्ड गाडीत टाकूनच.