जुनी रेक्टरी घ्यायचीय: जॉर्जियन की व्हिक्टोरियन?

इंग्लंडच्या खेड्यात पाद्र्यांचं जुनं घर, म्हणजे रेक्टरी किंवा व्हिकारेज, जे बघतायत त्यांच्यासाठी लिहितोय. जॉर्जियन म्हणजे साधारण अठराव्या शतकापासून १८३० च्या आसपासपर्यंतचं, व्हिक्टोरियन म्हणजे त्यानंतरचं, राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं. आम्ही दोन्हींत राहिलोय, आधी दोन हिवाळे भाड्याच्या जॉर्जियन रेक्टरीत आणि आता ग्लॉस्टरशरमधल्या व्हिक्टोरियन व्हिकारेजमध्ये.

दिसायला जॉर्जियनच सरस, खोटं कशाला बोलू. मधोमध दार, दोन्हीकडे वर-खाली सरकणाऱ्या उंच सॅश खिडक्या, भर डिसेंबरातही खोल्यांत उजेड. व्हिक्टोरियनमध्ये दगडी चौकटीच्या अरुंद खिडक्या आणि स्वयंपाकघर बहुतेकदा उत्तरेला, कारण तेव्हा तिथे नोकरमाणसंच असायची आणि दूधलोणी थंड राहायला हवं. आमच्याकडे हिवाळ्यात दुपारी तीनलाच दिवा लावावा लागतो.

पण छप्पर! बऱ्याच जॉर्जियन घरांचं छप्पर कठड्यामागे दडवलेलं असतं, समोरून दिसू नये म्हणून, आणि पाणी जातं कठड्यामागच्या शिशाच्या पन्हळीतून. ती तुंबली की खालून काही कळत नाही, पाणी गुपचूप आत वळतं. आमच्या बेडरूमच्या छताला आधी बशीएवढा डाग आला, आठवड्यात परातीएवढा झाला आणि एका रात्री दोनला थेंब थेट उशीवर. माणूस वर चढला तर पन्हळ पानांनी आणि पक्ष्यांच्या घरट्यातल्या काटक्यांनी गच्च. साफ केली, पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा तेच.

व्हिक्टोरियनचं ते उभं उतरतं छप्पर बघितलं आणि मला आमचं कोकणातलं घरच आठवलं, पाणी सरळ वळचणीला. बिडाची पन्हळ तुंबली तर बाहेर धार दिसते, शिडी लावायची, झालं. पाखं एकमेकांना मिळतात तिथे इथेही शिसं असतं, ते बघावंच लागतं, पण निदान दिसतं तरी. गॉथिक शैलीचा पुरस्कार करणाऱ्या प्युजिन या आर्किटेक्टच्या विचारांच्या मंडळींचा आग्रहच होता की आतली रचना बाहेरून लपवायची नाही. त्यांच्यातल्याच बटरफील्डने १८४० च्या दशकात बांधलेलं, ब्रिस्टलजवळच्या कोलपिट हीथ गावचं व्हिकारेज रस्त्यावरून तरी बघून या.

शिवाय पाद्रीबाबांची स्टडी बऱ्याचदा पुढच्या दाराजवळ, गावकरी घरात न शिरता भेटून जावेत म्हणून. मी आता तिथूनच ऑफिसचं काम करतो, फार सोयीची खोली आहे.

उजेडच सगळ्यात महत्त्वाचा असेल तर जॉर्जियन घ्याही, पण ऑफर द्यायच्या आधी कठड्यामागे कुणाला तरी चढवा, आणि वरच्या मजल्यावर छताच्या एखाद्याच कोपऱ्यात ताजा रंग दिसला तर तो का लावला ते विचारा.